मुरगांव ते कॅसलरॉक : एका लोहमार्गाची कहाणी
(ग्रामस्थ, शासकीय कर्मचारी व शिक्षक यांच्यापुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



इतिहासाचा विषय निघाला म्हणजे सर्वसाधारणपणे किल्ले, देवालये, ताम्रपट आणि शिलालेख यांच्याकडे लक्ष जाते. ते योग्यच आहे. परंतु ज्या वस्तू रोजच्या वापरात असतात, ज्यांच्यावरून माणसे सकाळ-संध्याकाळ ये-जा करतात, त्यांनाही इतिहास असतो हे सहसा ध्यानात येत नाही. रेल्वे स्थानक ही अशीच एक वस्तू होय. फलाटावर उभा असलेला उतारू गाडीच्या वाटेकडे पाहत असतो, स्थानकाकडे पाहत नाही. त्यामुळे शंभर-सव्वाशे वर्षे गावाच्या वेशीवर उभ्या असलेल्या वास्तूची साधी माहितीही गावात कोणाजवळ सापडत नाही. गोमंतकातील सर्वांत जुना लोहमार्ग, म्हणजे मुरगांव बंदरापासून सह्याद्रीच्या माथ्यावरील कॅसलरॉकपर्यंत जाणारा मार्ग, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे. हा मार्ग सुमारे ८२ किलोमीटर लांबीचा आहे. एवढ्या थोड्या अंतरात समुद्र, खाजणे, भातशेती, खाणींचा मुलूख, घनदाट अरण्य आणि घाटमाथा अशी सर्व प्रकारची भूमी लागते. त्याचबरोबर एका परकीय राजवटीचा आरंभकाळ नव्हे, तर तिचा उतरणीचा काळ आणि अखेर, या दोहोंचे दर्शन या रुळांच्या कडेने घडते.

मार्ग कसा आला

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पोर्तुगीज गोव्याची आर्थिक स्थिती खालावली होती. पूर्वीचा सागरी व्यापार उरला नव्हता, आणि ब्रिटिश मुलखात मात्र आगगाडी सुरू होऊन मुंबई बंदराची भरभराट होत होती. मुरगांवसारखे उत्तम नैसर्गिक बंदर हाताशी असूनही त्याच्या पाठीमागे सह्याद्रीची भिंत उभी होती. ती ओलांडून दख्खनचा कापूस, धान्य आणि इतर माल बंदरापर्यंत आणता आला तर गोव्याला पूर्वीचे दिवस येतील, अशी आशा पोर्तुगीज शासनाला वाटू लागली.

या आशेतून २६ डिसेंबर १८७८ रोजी ब्रिटिश व पोर्तुगीज सरकारांमध्ये एक करार झाला. या करारान्वये लोहमार्ग बांधण्याचे ठरले, दोन्ही मुलखांमधील जकातीची भिंत दूर करण्यात आली, आणि त्याच्या मोबदल्यात गोव्यातील मीठ व मद्य यांच्या उत्पादनावर ब्रिटिशांचे नियंत्रण आले. पोर्तुगीज सरकारला यापोटी दरवर्षी चार लक्ष रुपये मिळावयाचे होते. कागदावर हा व्यवहार फायदेशीर दिसत होता. परंतु मिठागरांवर पोट असलेल्या माणसांच्या दृष्टीने त्याचा अर्थ निराळा होता. बापजाद्यांपासून ज्या मिठागरांत मीठ पिकवले जात होते तेथे परक्या अंमलदाराची देखरेख आली. हा करार बारा वर्षे अमलात राहिला आणि १८९२ साली त्याचे नूतनीकरण न होता तो संपुष्टात आला. लोहमार्ग मात्र राहिला. म्हणून या मार्गाचा इतिहास सांगताना अभियंत्यांच्या कर्तबगारीबरोबर मिठागरवाल्यांच्या हालअपेष्टांचीही नोंद करणे न्यायाचे होईल. आगगाडीची किंमत केवळ पौंडांत मोजली गेली नाही. ती काही अंशी मिठाच्या खंडीतही मोजली गेली.

मार्ग बांधण्यासाठी १८८१ साली लंडनमध्ये ‘वेस्ट ऑफ इंडिया पोर्तुगीज गॅरंटीड रेल्वे कंपनी’ स्थापन झाली. नावातील ‘गॅरंटीड’ हा शब्द महत्त्वाचा आहे. भागधारकांनी घातलेल्या भांडवलावर ठरावीक दराने व्याज मिळेल अशी हमी पोर्तुगीज सरकारने दिली होती. म्हणजे गाडीला नफा झाला तर तो कंपनीचा, आणि तूट आली तर ती गोव्याच्या तिजोरीची. पुढे नेमके तेच घडले. अपेक्षेइतका माल मुरगांवकडे वळला नाही, कारण मुंबई बंदराशी स्पर्धा करणे सोपे नव्हते, आणि हमीचे ओझे शासनाच्या माथी बसले.

घाटाच्या पलीकडे याच सुमारास दुसरा उद्योग चालला होता. १८७६ ते १८७८ या वर्षांत दख्खन व कर्नाटकात भीषण दुष्काळ पडला. धान्य एका भागात असूनही दुसऱ्या भागात माणसे अन्नावाचून मेली. तेव्हा दुष्काळी मुलखात लोहमार्ग नेण्याची निकड शासनाला पटली आणि १८८२ साली ‘सदर्न मराठा रेल्वे’ कंपनी अस्तित्वात आली. तिचे जाळे हुबळी, धारवाड, लोंढा, बेळगांव या बाजूस पसरले. गोव्यातील मार्ग टप्प्याटप्प्याने पुरा होऊन १८८८ साली कॅसलरॉकपर्यंत पोचला आणि हे दोन मार्ग सरहद्दीवर एकमेकांस मिळाले. विसाव्या शतकाच्या प्रारंभी गोव्यातील मार्ग चालविण्याचे काम या शेजारच्या कंपनीकडेच गेले. १९०८ साली तिचे रूपांतर ‘मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वे’ या मोठ्या कंपनीत झाले.

बंदरापासून पायथ्यापर्यंत

आता मार्गावरील स्थानकांकडे वळणे इष्ट होईल. पहिले स्थानक मुरगांव बंदरातील. लोहमार्ग आणि बंदर ही एकाच योजनेची दोन अंगे होती. लाटा अडविणारी भिंत आणि जहाजांचा धक्का बांधण्याचे काम रेल्वेबरोबरच हाती घेण्यात आले. पूर्वी उतारूगाड्या थेट बंदरापर्यंत जात, आणि आगगाडीतून उतरलेला माणूस तेथूनच होडीने अथवा लाँचने खाडीपलीकडे दोनापावलाकडे, तेथून पणजीस जाई. १९६३ साली मुरगांवला प्रमुख बंदराचा दर्जा मिळाला. आज तेथील रूळ मुख्यत्वे मालवाहतुकीसाठी आहेत, आणि उतारूंचे शेवटचे स्थानक वास्को हे झाले आहे.

वास्कोहून निघालेली गाडी दाभोळीच्या पठाराच्या कडेने, सांकवाळची वाट धरून कासावलीस येते. कासावली व कुएली या गावांचा तीन राजांचा सण दरवर्षी ६ जानेवारीस टेकडीवरील कपेलात साजरा होतो, आणि सासष्टी व मुरगांव तालुक्यांतील माणसे त्या दिवशी तेथे लोटतात. अशा सणांना, जत्रांना आणि बाजारांना जाण्याचे साधन म्हणून लहान स्थानकांना महत्त्व आले. पुढे माजोर्डे लागते. कोंकण रेल्वेचा करमळी-वेर्ण्याकडून येणारा मार्ग येथे जुन्या मार्गास मिळतो. एकेकाळी भातशेतांमधील एक लहानसे थांबे असलेले हे ठिकाण अशा रीतीने दोन युगांचा सांधा झाले आहे.

मडगांव ही दक्षिण गोव्याची बाजारपेठ. आगगाडी आल्यावर तिच्या व्यापाराला जोर आला. घाटावरील धान्य, कडधान्य, मिरची, कापड ही येथे उतरू लागली, आणि येथून नारळ, सुपारी, सुकी मासळी वर जाऊ लागली. कोंकण रेल्वेच्या आगमनानंतर नव्या विस्तृत स्थानकाला महत्त्व आले आणि शहराच्या अंगाचे जुने स्थानक मागे पडले.

मडगांवच्या पूर्वेस चांदर आहे. हे प्राचीन चंद्रपूर होय. भोजांच्या व नंतर कदंबांच्या काळी येथे राजधानी होती. येथील उत्खननात सापडलेला शीर नसलेला नंदी आणि कार्निव्हलच्या दिवसांत होणारा मुसळांचा खेळ, या दोन्ही गोष्टी गावाचे जुनेपण सांगतात. ज्या गावाचे नाव ताम्रपटांच्या काळापासून चालत आले, त्या गावाची पाटी रेल्वेच्या फलाटावर पिवळ्या रंगावर काळ्या अक्षरांत वाचावयास मिळते. स्थानकाच्या नावाची पाटी हाही स्थळनामांच्या अभ्यासाचा एक धडा आहे. पोर्तुगीज लेखनात कोलेम, कासाउली, सांव्होर्डे अशी रूपे पावलेली नावे लोकांच्या तोंडी कुळें, कासावली, सावर्डे अशीच राहिली.

सावर्डे हे स्थानक प्रत्यक्षात नदीच्या अलीकडे कुडचड्यात आहे. नदीपलीकडील गावाचे नाव स्थानकास मिळाले आणि स्थानकाभोवती मात्र कुडचडे वाढले. दुसऱ्या महायुद्धानंतर गोव्यातील लोहखनिजाला परदेशांत, विशेषतः जपानमध्ये, मागणी आली तेव्हा या भागाचे रूप पालटले. खनिजाच्या राशी, बार्जेस आणि मालगाड्या यांच्या वर्दळीने एक मोठी वस्ती उभी राहिली. पुढे काले हे स्थानक, आणि नंतर घाटाच्या पायथ्याशी कुळें.

घाटाचे गणित

कुळें ते कॅसलरॉक हे अंतर सुमारे २६ किलोमीटरांचे. या भागाला पोर्तुगालच्या राजघराण्यावरून ब्रागांझा घाट असे नाव पडले. एवढ्या अंतरात गाडीला पाचशे मीटरांहून अधिक उंची गाठावयाची असते. चढाचे प्रमाण १:३७ असे आहे. विद्यार्थ्यांना ते असे समजावून द्यावे, की ३७ मीटर पुढे जाताना गाडी एक मीटर वर चढते. मुंबई-पुणे मार्गावरील बोरघाट १८६३ साली खुला झाला. त्याच्या चढाचे प्रमाणही हेच आहे. रस्त्यावरील मोटारीला हा चढ विशेष वाटणार नाही. परंतु पोलादी रुळावर पोलादी चाक ठेवले असता घर्षण फारच थोडे असते. याच गुणामुळे आगगाडी थोड्या शक्तीत प्रचंड ओझे ओढते, आणि याच गुणामुळे ती चढावर अडखळते व उतारावर अनावर होते.

म्हणून घाटात गाडीला मागूनही इंजिने लावतात. पुढचे इंजिन ओढते, मागची ढकलतात. मागच्या इंजिनांचे दुसरे काम अधिक महत्त्वाचे आहे. डब्यांची सांधणी तुटली तर मागे घसरू पाहणाऱ्या डब्यांना ती थोपवून धरतात. उतरताना गाडी सोडण्यापूर्वी ब्रेकची कसून तपासणी होते. घाटातील स्थानकांजवळ चढावर नेऊन सोडलेला एक आडफाटा असतो. उतारावर आलेल्या गाडीचे काटे आधी या आडफाट्याकडेच लावलेले असतात. गाडी ताब्यात आहे अशी खात्री पटल्यावरच ते मुख्य मार्गाकडे वळतात. सुटलेली गाडी आडफाट्यावर चढून आपल्याच भाराने थांबते. दरीच्या कडेने चाललेल्या प्रवासात उतारूंना ज्याची जाणीवही नसते अशी ही रखवाली आहे.

सोनावली, दूधसागर आणि कारंझोळ ही घाटातील स्थानके. तेथे बाजार नाही, गाव म्हणावे अशी वस्तीही नाही. गाड्यांची चुकामूक घडवून आणणे, इंजिनांना विसावा देणे आणि मार्गाची देखभाल करणे यासाठी ती आहेत. मार्ग एकेरी असल्याने दोन गाड्या समोरासमोर येऊ नयेत ही व्यवस्था फार काटेकोर ठेवावी लागे. जुन्या पद्धतीत एका स्थानकाहून दुसऱ्या स्थानकापर्यंत जाण्याचा परवाना म्हणून यंत्रातून निघालेले टोकन चालकाच्या हाती दिले जाई. ते एक निघाले की दुसरे निघत नसे. वेताच्या मोठ्या कड्याला अडकविलेली ती चामड्याची पिशवी चालत्या गाडीतून हातावर झेलणारा चालक अनेकांनी लहानपणी पाहिला असेल. गाडीतील शेकडो जिवांची सुरक्षितता त्या एका पिशवीत असे.

या घाटाची खरी परीक्षा पावसाळ्यात होते. कीमन दररोज आपल्या हद्दीतील रूळ पायी तपासतो. पावसाळ्यात रात्रीचीही गस्त असते. २३ जुलै २०२१ रोजी दूधसागर व सोनावली यांच्या दरम्यान दरड कोसळून मंगळूरहून मुंबईस जाणारी उतारूगाडी रुळांवरून घसरली. सुदैवाने प्राणहानी झाली नाही. ती गाडी मूळची कोंकण रेल्वेची. अतिवृष्टीमुळे तिकडील मार्ग बंद झाल्याने तिला या घाटातून वळविण्यात आले होते. नवा मार्ग अडला तेव्हा जुन्या मार्गाची आठवण झाली, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे.

दूधसागरचा धबधबा सुमारे ३१० मीटर उंचीवरून चार टप्प्यांत कोसळतो, आणि त्याच्या मधोमध बांधलेल्या पुलावरून गाडी जाते. हे दृश्य देशात प्रसिद्ध आहे. परंतु त्या प्रसिद्धीमुळे हजारो लोक रुळांवरून चालत जाऊ लागले. तो गुन्हा तर आहेच, शिवाय बोगद्यात गाडी आल्यास बाजूस सरण्यास जागा नसते. २०२३ च्या पावसाळ्यात रेल्वेने लोकांना याबाबत कडक शब्दांत आवाहन केले होते. ऐतिहासिक मार्ग पाहावयाचा तो गाडीत बसून, अथवा परवानगीच्या वाटेने जाऊन. रुळांवरून चालत नव्हे.

सरहद्दीची स्थानके आणि मुक्तिलढा

१८९२ नंतर जकातीची भिंत पुन्हा उभी राहिली, आणि कुळें व कॅसलरॉक ही दोन स्थानके सरहद्दीची झाली. कुळेंला पोर्तुगीज अंमलदार, कॅसलरॉकला ब्रिटिश अंमलदार. गाडी थांबे, सामान खाली उतरे, पेट्या उघडल्या जात. बेळगांवच्या अथवा धारवाडच्या विद्यालयात शिकणारा विद्यार्थी, मुंबईस नोकरी शोधावयास निघालेला तरुण, माहेरी येणारी लेक, अशा सर्वांना ही झडती द्यावी लागे. गोमंतकीयांच्या कित्येक पिढ्यांना स्वदेश आणि परदेश यांचा विपरीत अर्थ या दोन फलाटांवर कळला. ज्या भूमीत आपली भाषा बोलली जाते, आपले सोयरे राहतात, तेथे जाण्यास झडती द्यावी लागते, हा अनुभव मुकाट्याने पुष्कळ काही शिकवून गेला.

१८ जून १९४६ रोजी डॉ. राममनोहर लोहिया यांनी मडगांवात नागरी हक्कांसाठी सभा घेऊन लढ्याला तोंड फोडले. त्यांना पकडून नंतर सरहद्दीबाहेर सोडण्यात आले. २९ सप्टेंबर १९४६ रोजी ते पुन्हा आगगाडीने गोव्यात येत असता कुळें स्थानकावरच त्यांना अटक झाली आणि आग्वादच्या किल्ल्यात ठेवण्यात आले. मडगांवातील लोहिया मैदान सर्वांना ठाऊक आहे. कुळेंच्या फलाटाचा या इतिहासाशी असलेला संबंध मात्र फारच थोड्यांना ठाऊक असतो.

१५ ऑगस्ट १९५५ रोजी देशाच्या निरनिराळ्या भागांतील सत्याग्रहींनी ठिकठिकाणांहून गोव्याच्या हद्दीत प्रवेश केला. त्यांच्यातील काही कॅसलरॉकच्या बाजूने रुळांवरून आले आणि त्यांच्यावर गोळीबार झाला. त्यानंतर सरहद्द बंद झाली व आगगाडीची ये-जा थांबली. घाटावरून येणारे धान्य, भाजीपाला थांबल्याने गोव्यास दूरदेशींहून जिन्नस आणावे लागले. कुळेंच्या पुढील रूळ मुके झाले. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला आणि मग घाटातील बोगद्यांतून पुन्हा गाडीचा आवाज घुमू लागला.

मुक्तीनंतर

मुक्तीनंतर हा मार्ग भारतीय रेल्वेत समाविष्ट झाला. प्रथम दक्षिण रेल्वे, १९६६ पासून दक्षिण मध्य रेल्वे आणि २००३ पासून हुबळीस मुख्यालय असलेली दक्षिण पश्चिम रेल्वे, अशी त्याची प्रशासकीय वाटचाल आहे. मार्ग मीटर गेजचा होता, म्हणजे दोन रुळांतील अंतर एक मीटर. १९७१ साली पुणे-मिरज मार्ग ब्रॉड गेज झाला, तेव्हापासून मुंबईहून गोव्यास येणाऱ्याला मिरजेस गाडी बदलावी लागे. पहाटेच्या गारठ्यात मिरजेच्या फलाटावर मोठ्या गाडीतून उतरून लहान गाडीत जागा धरण्यासाठी झालेली धावपळ, लोंढ्याला मिळणारा चहा आणि उजाडल्यावर दिसणारा दूधसागर हा एका संपूर्ण पिढीच्या आठवणींचा ठेवा आहे.

१९९०च्या दशकात या मार्गाचेही रूपांतर ब्रॉड गेजमध्ये झाले. एक मीटरऐवजी १६७६ मिलिमीटर रुंदीचा मार्ग टाकावयाचा म्हणजे केवळ रूळ सरकविणे नव्हे. रुंद गाडीसाठी बोगदे वाढवावे लागतात, पूल बळकट करावे लागतात, फलाट मागे घ्यावे लागतात. याच दशकात कोंकण रेल्वेचे काम होऊन २६ जानेवारी १९९८ पासून तिचा संपूर्ण मार्ग वाहतुकीस खुला झाला. मुंबईचा प्रवास एका रात्रीचा झाला. ही प्रगती स्वागतार्ह होती याविषयी दुमत नाही. परंतु रूपांतराच्या धांदलीत जुन्या मार्गावरील पुष्कळशा वस्तू नकळत नाहीशा होतात. मीटर गेजचे डबे भंगारात जातात, सिग्नलचे हात उतरतात, पाण्याच्या टाक्या निकामी होतात, जुन्या नोंदवह्या वाळवीच्या तोंडी पडतात. कोणी मुद्दाम नाश करीत नाही. जपण्याचे कोणाच्या मनात येत नाही इतकेच.

अलीकडच्या काळात या मार्गाच्या दुपदरीकरणाचा प्रश्न पुढे आला. कर्नाटकातील पोलाद कारखान्यांसाठी मुरगांव बंदरातून कोळसा जातो. त्याची वाहतूक, घाटातील अभयारण्य आणि रुळांकाठची जुनी गावे यांविषयी मतभेद झाले. नोव्हेंबर २०२०च्या आरंभी चांदर येथे ग्रामस्थांनी रात्रभर रुळांवर निदर्शने केली. ९ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कॅसलरॉक-कुळें टप्प्याच्या दुपदरीकरणास वन्यजीव मंडळाच्या स्थायी समितीने दिलेली मान्यता रद्द ठरविली. या वादाचा निवाडा करणे हा व्याख्यानाचा हेतू नाही. मात्र एक गोष्ट सर्व पक्षांना मान्य होण्यासारखी आहे. १८७८ साली हा मार्ग ठरला तेव्हा मिठागरवाल्यांना कोणी विचारले नव्हते. आज रुळांकाठी राहणारा माणूस आपले म्हणणे ग्रामसभेत, शासनापुढे आणि न्यायालयात मांडू शकतो. दीडशे वर्षांत जो फरक पडला तो हा, आणि तो रुळांच्या रुंदीतील फरकापेक्षा मोठा आहे.

लहान गाडी, लहान स्थानक

या मार्गाच्या इतिहासात बंदर, खनिज आणि कोळसा यांचे आकडे पुष्कळ सापडतात. पण मार्गाला लोकांचा जिव्हाळा लाभला तो वास्को-कुळें या साध्या पॅसेंजर गाडीमुळे. सकाळी कामावर जाणारे मजूर व कारकून, विद्यालयांतील मुले, टोपल्यांतून भाजी अथवा मासळी नेणाऱ्या बाया, शासकीय कार्यालयात दाखला आणावयास निघालेले वृद्ध, हे या गाडीचे उतारू. तिचे भाडे गरिबाला झेपणारे, आणि तिचा थांबा गावाच्या जवळ. घाटातील स्थानकांवर राहणाऱ्या कामगारांच्या कुटुंबांना तर बाजार, शाळा आणि दवाखाना गाठण्यास रुळांखेरीज धड वाट नाही. २०२० साली साथीमुळे देशभरच्या पॅसेंजर गाड्या थांबल्या तेव्हा अशा गाडीवाचून किती अडते ते लहान स्थानकांच्या गावांना कळून आले.

लहान स्थानकाचे भवितव्य तिकिटांच्या विक्रीवर अवलंबून असते. उतारू कमी झाले की थांबा कमी होतो, थांबा कमी झाला की उतारू आणखी घटतात, आणि अखेरीस स्थानकाला कुलूप लागते. हे चक्र थांबविणे काही अंशी गावाच्याच हाती आहे. तिकीट काढून प्रवास करणे ही केवळ कायद्याची बाब नसून आपल्या स्थानकाच्या बाजूने दिलेली ती साक्ष असते. तिकीट न काढणाऱ्या उतारूची गणना होत नाही, आणि ज्या स्थानकावर उतारूंची गणना होत नाही त्याची बाजू मांडणे अधिकाऱ्यालाही कठीण जाते.

काय करता येईल

यास्तव काही सूचना मांडणे अप्रस्तुत होणार नाही. पहिली सूचना शिक्षकांसाठी. मार्गावरील प्रत्येक गावच्या शाळेने आपल्या स्थानकाची एक नोंदवही करावी. स्थानकाचे नाव व त्याची निरनिराळी रूपे, इमारतीचा दगड, छप्पर व बांधणी, फलाटाची लांबी, जवळचे पूल, विहिरी व झाडे, आणि गाड्यांचे वेळापत्रक यांचा तीत समावेश असावा. मुलांनी पावलांनी फलाट मोजला म्हणजे गणित, चढाचे प्रमाण काढले म्हणजे भूगोल, आणि आजोबांना विचारून उत्तर लिहिले म्हणजे भाषा व इतिहास, असे सर्व विषय एका स्थानकात शिकता येतात. अशी पाहणी अर्थातच स्थानक अधीक्षकांच्या परवानगीने आणि शिक्षकांच्या देखरेखीखाली, रुळांपासून दूर राहून व्हावी.

दुसरी सूचना ग्रामस्थांसाठी. निवृत्त रेल्वे कामगार प्रत्येक गावात आहेत. ज्यांनी बंद सरहद्दीचा काळ पाहिला आहे अशी माणसे आता थोडी उरली आहेत. त्यांच्या आठवणी तारीखवार लिहून ठेवाव्यात. जुनी तिकिटे, पास, गाडीसोबतची छायाचित्रे, कंदील अशा वस्तू घरोघरी असतील. त्या टाकून न देता शाळेत किंवा पंचायतीत नोंदवाव्यात. रेल्वेच्या मालकीची वस्तू मात्र कोणी उचलून आणू नये. तिची माहिती अधिकाऱ्यांस द्यावी.

तिसरी सूचना अधिकारीवर्गासाठी. इमारतीचे नूतनीकरण करताना जुनी वास्तू पाडण्यापूर्वी तिची मोजमापे व छायाचित्रे दप्तरी राहतील अशी दक्षता घ्यावी. शक्य तेथे जुनी खोली प्रतीक्षालय अथवा वाचनालय म्हणून वापरात ठेवावी, कारण वापरात असलेली वास्तू दीर्घकाळ टिकते. कुळें स्थानकावर मुक्तिलढ्यातील घटनेची माहिती देणारा एखादा फलक असला तर त्यास फारसा खर्च येणार नाही. परंतु तेथून दूधसागरकडे जाणाऱ्या हजारो प्रवाशांना आपण कोणत्या भूमीवर उभे आहोत ते समजेल.

सज्जनहो, हा मार्ग परक्यांनी आपल्या स्वार्थासाठी बांधला हे खरे. तथापि तो बांधणारे हात येथल्या आणि घाटावरच्या मजुरांचे होते. डोंगर फोडताना, बोगदे खणताना, पावसात व हिवतापात जे राबले त्यांची नावे कोणत्याही कोनशिलेवर नाहीत. रोज रात्री कंदील घेऊन दरडी तपासणाऱ्या गस्तवाल्याचे नावही कोठे लिहिलेले नसते. स्थानकाची नोंदवही लिहिताना पहिल्या पानावर साहेबांच्या किंवा कंपनीच्या नावाऐवजी आपल्या गावातून या मार्गावर कामाला गेलेल्या माणसांची नावे लिहिली जावीत. ती नावे अजून गावातच आहेत, आणि ती विचारण्यास अजून उशीर झालेला नाही.